झाले सगळे?

अंदमानला जायचं ठरलं ते धायरीतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, रविवारी सकाळी, पोह्यांची दुसरी बशी संपता संपता. दोन हजार सातचा डिसेंबर होता. ठरवणारी अर्थातच उल्का. ही उल्का आगाशे हिंजवडीच्या एका कंपनीत टेस्टिंगचं काम करायची. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. तिचा नवरा पुष्कर म्हणायचा, हेच काम ती घरी फुकटात करते.

सहलीला तिघं जण. उल्का, पुष्कर आणि तेजस भोयर. तेजस हा पुष्करचा कॉलेजातला रूम पार्टनर, मूळचा वर्ध्याकडचा. नोकरीही आता उल्काच्याच कंपनीत आणि भाड्याची खोली दोन बिल्डिंगा सोडून. आठवड्यातून चार दिवस तो यांच्याकडेच जेवायचा आणि भांडी घासून जायचा, त्यामुळे उल्काला तो नवऱ्यापेक्षा अंमळ जास्तच आवडायचा.

उल्काने सहलीचं एक्सेल शीट केलं. विमान, बोट, हॅवलॉक बेटावरची खोली, आणि मुख्य म्हणजे स्कुबा डायव्हिंग. पाठीला हवेचं सिलिंडर लावून समुद्राच्या तळाशी उतरायचं, प्रवाळ बघायचं, मासे बघायचे. बेटावरच्या माणसाने फोनवरून एकेकाची माहिती मागितली होती. वजन, बुटाचं माप, चष्म्याचा नंबर, आजार, पोहता येतं का. पुष्करने ‘हो’ लिहिलं. उल्काने ‘हो’ लिहिलं. तेजसच्या नावापुढचा रकाना रिकामाच राहिला.

“तेजस, हे भर ना.”

“भरतो ना,” तो म्हणाला आणि भांडी घासायला उठला.

खरं तर उल्कानेही एक रकाना खोटा भरला होता. ‘कानाचा काही त्रास?’ तिथे तिने ‘नाही’ लिहिलं. लहानपणापासून तिचा उजवा कान जड होता. पोहून आल्यावर कानात पाणी राहतं ना, तसा, कायमचा. तीन डॉक्टरांनी तीन वेळा आत बॅटरी मारून पाहिलं होतं. तिघंही म्हणाले, बाई, कान स्वच्छ आहे. मग जे डॉक्टरला दिसत नाही ते फॉर्मवर कशाला, असा तिने सोयीचा विचार केला.

बेटावरचा माणूस म्हणत होता, पोहता आलं नाही तरी चालेल, आम्ही हात धरून नेतो. पण उल्काचा विश्वास पाण्याच्या बाबतीत एकाच माणसावर होता. रंगनाथ मास्तर.

नारायण पेठेत एका बोळाच्या टोकाला जुना पोहण्याचा टँक आहे. काळ्या दगडाच्या पायऱ्या, तळ न दिसणारं हिरवट पाणी, तुरटी आणि शेवाळ यांचा मिसळलेला वास. मूळची तिथे विहीर होती; तीच बांधून काढून टँक केला, असं जुनी माणसं सांगत. रंगनाथ बिवलकर मास्तरांनी तिथे एक्केचाळीस वर्षं पोरं पोहायला शिकवली. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा आणि पाण्यात ढकलायचं. पण ढकलण्याआधी एक नियम होता, तो कोणालाही चुकला नाही. तिसऱ्या पायरीवर उभं राहून आपलं पूर्ण नाव मोठ्याने सांगायचं. मास्तर म्हणणार, “आत,” आणि हातातली काठी दगडावर एकदा आपटणार. वर आलं की पुन्हा नाव सांगायचं. मास्तर म्हणणार, “बाहेर,” आणि काठी दोनदा. शेवटी उठताना ते सगळ्यांना उद्देशून विचारणार, “झाले सगळे?” पोरं ओरडणार, “हो मास्तर!” मगच ते चपला घालणार. सगळ्यात शेवटी टँक सोडायचा तो मास्तरांनी.

ना वही, ना पेन्सिल. मे महिन्यात एकेका वेळी ऐंशी ऐंशी पोरं आत असत आणि त्या माणसाच्या डोक्यात ऐंशी नावं सरळ रांगेत उभी असत. कोणी विचारलं, मास्तर, सरळ डोकी का मोजत नाही, तर म्हणायचे, “मोजताना माणूस चुकतो. नाव घेताना चुकत नाही.” एक्केचाळीस वर्षांत त्या पाण्याने एकही पोर ठेवून घेतलं नव्हतं. उल्काला आयुष्यात मोठमोठे साहेब भेटले, दोन तर अमेरिकेतून आलेले. पण कामाची अशी निष्ठा तिने दुसऱ्या कोणात पाहिली नाही.

ती सात वर्षांची असताना तिथे शिकली. शेवटच्या दिवशी मात्र तिने एक लबाडी केली होती. बाबा दारात स्कूटर घेऊन उभे होते, लग्नाला उशीर होत होता, आणि कपडे बदलून ती पळाली. पळता पळता सृष्टीला, म्हणजे मावसबहिणीला म्हणाली, “माझं पण सांग गं.” सृष्टीने पाण्यातून मान बाहेर काढून सांगितलं, “उल्का परचुरे!” मास्तर म्हणाले, “बाहेर.” हा किस्सा ती नेहमी हसून सांगायची. आयुष्यातली पहिली प्रॉक्सी.

मास्तर आता चौऱ्याहत्तरचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तरी रोज येऊन त्याच पायरीवर बसत. उल्काने बेटाचं सांगितलं तेव्हा ऐकून घेऊन म्हणाले, “मासे बघायला पाण्याखाली जायचं? ते येतात की वर. मंडईमागे टोपलीत असतात.” पण मग काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, “समुद्राच्या तळाशी... श्वास घेता येतो म्हणतेस?”

“हो मास्तर. पाऊण तास.”

“काय नशीबवान लोक तुम्ही,” म्हातारा अगदी मनापासून म्हणाला.

तयारी करून द्यायला ते कबूल झाले. चार रविवार, दुपारी तीन वाजता. अट एकच. तिघांनी चारही रविवार यायचं. एकानेही एक चुकवला तर सगळ्यांनी पहिल्यापासून.

पहिल्या रविवारी तेजस आला. तिसऱ्या पायरीवर त्याने नाव सांगितलं ते इतक्या बारीक आवाजात की मास्तरांनी दोनदा विचारलं. कमरेएवढ्या पाण्यात तो कठडा धरून उभा राहिला, तो शेवटपर्यंत तसाच. त्याला पोहायला येत नव्हतं, एवढंच नाही. त्याला पाण्याची भीती वाटत होती, आणि पोह्यांच्या बशीवर सगळे उत्साहात असताना ते सांगायची त्याला लाज वाटली होती. मास्तर त्याच्या जवळच्या पायरीवर जाऊन बसले.

“घाबरतोस?”

“थोडा.”

“चांगलं आहे. जो घाबरत नाही त्याला मी खोलात पाठवत नाही. पुढच्या रविवारी पाय सोडू. मी आहे.”

पण पुढच्या रविवारी तेजस आलाच नाही. बारा वाजता फोन आला, कंपनीत रिलीज आहे, नवं सॉफ्टवेअर बाहेर जातंय, जमणार नाही. उल्काला रिलीजचं वेळापत्रक पाठ होतं. त्या रविवारी काहीही नव्हतं. पण आता पहिल्यापासून सुरुवात म्हणजे चौथा रविवार सत्तावीस जानेवारीचा, आणि तिकिटं होती तेवीस तारखेची. शीटमधल्या सगळ्या तारखा घसरणार.

“मी लावतो त्याची हजेरी,” पुष्कर म्हणाला. “चार वर्षं कॉलेजात लावली. त्याच्यावरच तर पास झाला तो.”

आता हे पाप म्हणावं तर किती छोटं! इंजिनिअरिंगला गेलेल्या कोणत्याही मराठी मुलाला विचारा. मित्राची हजेरी लावणं हे पुण्यात पाप नाही, शेजारधर्म आहे.

दुपारचं ऊन तिरपं होऊन पाण्यावर आलं होतं. थंडीमुळे टँकवर चिटपाखरू नव्हतं. पुष्कर पायरीवर उभा राहून म्हणाला, “पुष्कर आगाशे.” “आत.” टक. मग तो पाण्यातून पलीकडे गेला, तिकडून वर चढला, आणि पायरीवर येऊन आवाज बारीक करून, थोडा वऱ्हाडी हेल काढून म्हणाला, “तेजस भोयर.”

मास्तरांची मान किंचित वळली. काठी हवेत थांबली. उल्काने हसू दाबायला ओठ चावला.

“...आत,” मास्तर म्हणाले. टक.

तासाभराने दोघं कुडकुडत बाहेर आले. “उल्का आगाशे.” “बाहेर.” “पुष्कर आगाशे.” “बाहेर.” तेवढ्यात पुष्करचा फोन वाजला, टॉवेल, चपला, गाडीची किल्ली अशी गडबड झाली.

“झाले सगळे?” मागून मास्तरांनी विचारलं.

“हो मास्तर!” उल्का सवयीने म्हणाली.

दारातून तिने वळून पाहिलं. चपला घालायला उठलेले मास्तर पुन्हा पायरीवर बसले होते. दमले असतील, असं तिला वाटलं. सिंहगड रस्त्याला लागताना तिच्या लक्षात आलं. “अरे, तेजसचं ‘बाहेर’ म्हणायचं राहिलंच की.”

“जो आत गेलाच नाही त्याला बाहेर कशाला काढायचं?” पुष्कर म्हणाला, आणि दोघंही हसले.

संध्याकाळी तेजस जेवायला आला तो डोकं एका बाजूला कलवून, कानावर तळहात आपटत. दुपारी झोपलो होतो, म्हणाला, उठल्यापासून दोन्ही कान भरल्यासारखे झालेत. सोमवारी ऑफिसात त्याला हाका ऐकू जाईनात. मंगळवारी कॅन्टीनमध्ये ताट धरताना उल्काचं लक्ष त्याच्या बोटांकडे गेलं. दहाही बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती, फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी.

“कपडे धूत होतास?”

“नाही ना. परवापासून असंच आहे.” मग श्वास ओढून तो म्हणाला, “तू... तुरटी लावली का काही? वास येऊन राहिला.”

बुधवारी डॉक्टर झाले. कान स्वच्छ. छाती स्वच्छ. दगदग कमी करा. गुरुवारी तो ऑफिसात आला नाही आणि फोनही उचलेना, म्हणून नवराबायको सकाळीच त्याच्या खोलीवर गेले. दार उघडंच होतं. खिडकीतून छान कोवळं ऊन आत आलेलं. गादी कोरडी, जमीन कोरडी, दोरीवरचा टॉवेलसुद्धा कोरडा. आणि खोलीच्या मधोमध खुर्चीवर तेजस बसला होता, मान ताणून, हनुवटी वर करून, पाणी गळ्यापर्यंत आलेल्या माणसाने तोंड वर धरावं तसा.

“तेजस...”

त्याने डोळे वळवले, हनुवटी खाली आणली नाही. बोलण्याआधी त्याने छातीभर हवा घेतली.

“वरतं... येता नाही येऊन राहिलं मले.” पुन्हा श्वास. “पायाले खाली... काहीच नाही लागत.”

पुष्कर त्याचे खांदे धरून हलवू लागला. तेजस उल्काकडे बघत होता.

“कोणी तरी विचारून राहिलं... वरून... झाले सगळे, झाले सगळे... मी ओरडतो... त्यांले ऐकूच नाही जात...”

हे शब्द उल्काने त्याला कधी सांगितले नव्हते. पहिल्या रविवारी आपलं ‘बाहेर’ ऐकताच तो जो पळाला होता, तो मास्तर उठायच्या आधीच दाराबाहेर होता. पुष्करला तिथेच बसवून ती खाली आली आणि तिची स्कूटी सिंहगड रस्त्यावरून कधी पेठेत शिरली ते तिला कळलंच नाही.

टँकच्या दारात मालनबाई होत्या. तिथे झाडलोट करणाऱ्या, किल्ली सांभाळणाऱ्या. उल्काला बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

“बरं झालं आलीस बाई. म्हाताऱ्याला तू तरी समजाव. रविवारपासनं घरला गेलं न्हाईत. तिथंच बसून हायेत.”

“काय?”

“येक जण आत हाय म्हणत्यात. कमिटीची मान्सं येऊन गळ टाकून बघून गेली. आत काय बी न्हाय. पर ह्यांचं आपलं येकच.”

मास्तर पायरीवर होते. खांद्यावर घोंगडी, बाजूला न संपवलेला डबा, चार दिवसांची पांढरी दाढी. थंडीने ओठ काळे पडले होते, पण पाठ ताठ होती आणि न दिसणारे डोळे पाण्यावर. दर थोड्या वेळाने ते विचारत होते, घसा बसलेल्या आवाजात, “झाले सगळे?” आणि उत्तर येईपर्यंत कान देऊन थांबत होते. उल्काला रडू कोसळलं. हिच्या एका ‘हो’पायी हा माणूस चार दिवस चार रात्री इथे बसला होता.

तिने सगळं सांगितलं. प्रॉक्सी, पुष्करचा आवाज, खुर्चीवरचा तेजस.

“आवाज दुसऱ्याचा आहे ते कळलं होतं मला,” मास्तर म्हणाले. रागावले नाहीत. “पण नाव घेतलं गेलं. नाव घेतल्यावर मी कोण नाही म्हणणारा? मी ‘आत’ म्हटलं. तो आत आहे.”

“मग मी म्हणते ना आता... तेजस भोयर, बाहेर...”

“तसं नाही गं चालत.” ते हळूच म्हणाले. “आत जायला नाव पुरतं. बाहेर यायला माणूसच लागतो. घेऊन ये त्याला.”

दुपारी रिक्षातून तेजसला आणलं. हनुवटी वर, डोळे छताला. टँकचा वास आल्याबरोबर तो जनावरासारखा थरथरू लागला. मास्तरांनी घोंगडी बाजूला ठेवली, सदरा काढून नीट घडी घातली आणि काठी उल्काच्या हातात दिली.

“आज तू म्हण.”

“मास्तर, तुम्ही या थंडीत...”

“त्याला म्हटलं होतं, मी आहे.” ते तिसऱ्या पायरीवर उभे राहिले. एक्केचाळीस वर्षं शिकवलेल्या टँकमध्ये पहिल्याच दिवशी उतरणाऱ्या पोराच्या आवाजात त्यांनी सांगितलं, “रंगनाथ बिवलकर.”

“आत,” उल्का म्हणाली. तिने काठी एकदा आपटली. टक.

त्यांनी तेजसचं मनगट धरलं आणि दोघं पाण्याखाली गेले. हिरव्या पाण्यावर काही बुडबुडे आले. मग तेही थांबले. पुष्करने उल्काचा दंड इतका घट्ट धरला की पुढे आठवडाभर वळ होते. पाणी अगदी शांत होतं. कुठेतरी लांब कुकरची शिट्टी झाली. मालनबाई देवाचं नाव घेत होत्या. किती वेळ गेला, कोण जाणे. जेवढा वेळ माणूस खाली राहू शकतो त्यापेक्षा जास्त गेला, एवढं नक्की.

आणि खोलाच्या बाजूला पाणी फुटलं. तेजस वर आला, त्याच्यामागे मास्तर. तेजसने हनुवटी खाली टाकली, पायरीला मिठी मारली, आणि त्याच्या छातीतून असा श्वास निघाला की ऐकणाऱ्यालाही मोकळं वाटलं.

“तेजस भोयर!” तो ओरडला.

“बाहेर!” उल्का त्याहून मोठ्याने ओरडली. टक, टक.

मग एकच गोंधळ. तेजस रडत होता, पुष्कर त्याला पुसत होता आणि स्वतःही रडत होता, मालनबाई चहा आणायला धावल्या होत्या. मास्तर पायरीवर बसून अंग पुसत होते. उल्का त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ तसाच राहिला.

“पोरी,” ते फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाले, “खाली हा एकटा नव्हता.”

“म्हणजे...?”

“उद्या ये. तुलाच विचारायचंय.”

एवढं बोलून त्यांनी सदरा घातला आणि बोळातून सदाशिव पेठेतल्या आपल्या खोलीकडे चालू लागले. काठी उल्काच्याच हातात राहिली. संध्याकाळी धायरीत चहाचा कप तोंडाला लावताना तिला आठवलं, आणि तिने कप खाली ठेवला. मास्तरांनी वर आल्यावर नाव सांगितलंच नव्हतं. आणि तिने ‘बाहेर’ म्हटलं नव्हतं.

गडबडीत विसरले? एक्केचाळीस वर्षांत न विसरलेला माणूस?

दुसऱ्या दिवशी ती सकाळी सातलाच गेली. खोलीबाहेर चपला दिसल्या, खूप. मास्तर पहाटे झोपेतच गेले होते. थंडी बाधली, लोक म्हणत होते. वय झालं होतं, समाधानाने गेले. खरंच चेहऱ्यावर समाधान होतं. फक्त त्यांची पुतणी उल्काचा हात धरून पुन्हा पुन्हा एकच सांगत होती. “बोटं बघा हो त्यांची... अजून आंघोळही घातली नाही आणि बोटं बघा...” उल्काने पाहिली. दहाही बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली होती. आपण मारलं या देवमाणसाला, असंच तिला वाटलं, आणि पुष्करने कितीही समजावलं तरी ते गेलं नाही.

तेजस ठणठणीत बरा झाला. कान मोकळे, बोटं गुळगुळीत. गंमत म्हणजे अंदमानला जायचंच, असा हट्ट त्याने धरला. मास्तरांना समुद्राचा तळ बघायचा होता, आपण त्यांच्या वतीने बघू, म्हणाला. शीटमधल्या त्या रिकाम्या रकान्यात त्याने स्वतः लिहिलं, ‘शिकतोय’.

निघायच्या आधीच्या रविवारी तिघं टँकवर गेले. उल्काच्या हातात मास्तरांची काठी होती. मास्तर जळून राख झाले होते, सगळे विधी झाले होते, पण तिच्या हिशेबी ते आत होते आणि ‘बाहेर’ म्हणायचं काम तिच्यावर सोपवलेलं होतं. तेजस आणि पुष्कर वरच्या पायरीवर थांबले. पाण्यात कोणी उतरलं नाही. मालनबाई दारापाशी झाडत होत्या. उल्का तिसऱ्या पायरीवर गेली.

“मास्तर,” ती म्हणाली, “मी आहे ऐकायला. नाव सांगा.”

पाणी हललं नाही. उजव्या कानातला तो जुना जडपणा मात्र वाढत वाढत दुखायला लागला. ती तशीच उभी राहिली. ऊन एक पायरी उतरून खाली आलं.

मग खोलाच्या बाजूने आवाज आला. मास्तरांचा नाही. बारीक, धाप लागलेला, समोरचे दोन दात पडलेल्या मुलीचा.

“उल्का... परचुरे...”

लग्नानंतर उल्का या पाण्यात ‘आगाशे’ म्हणून उतरली होती. ‘परचुरे’ म्हणून उतरली होती ती सात वर्षांची असताना, आणि बाहेरचं नाव सृष्टीने सांगितलं होतं. बाहेर यायला माणूसच लागतो. बावीस वर्षं... आणि त्या दिवशी खाली मास्तरांना भेटली होती ती हीच. म्हणून त्यांनी आपलं नाव सांगितलं नव्हतं. एक पोर आत असताना मास्तर बाहेर कसे येतील? त्या म्हाताऱ्याने आपला जीव तिथे पायरीसारखा ठेवला होता, तिला वर चढता यावं म्हणून.

“बाहेर,” उल्का रडत म्हणाली. टक, टक.

तिच्या उजव्या कानात काहीतरी सुटलं. कोमट पाण्याची धार कानातून मानेवर उतरली. तुरटीचा वास आला. आणि बावीस वर्षांनी तिला त्या कानाने स्वच्छ ऐकू आलं. मालनबाईंचा खराटा, पारव्यांची घूं घूं, आणि पाण्याखालून, अगदी शांत, ओळखीचा आवाज.

“झाले सगळे?”

या वेळी ती घाईने बोलली नाही. वळून पाहिलं. पुष्कर. तेजस. दोघांचेही केस कोरडे, दोघांचेही चेहरे पांढरेफटक. त्यांनीही ऐकलं होतं.

“हो मास्तर. झाले सगळे,” ती म्हणाली. “तुम्हीच राहिलात. आता तुम्ही या.”

ती थांबली. नाव येईल म्हणून, आणि ‘बाहेर’ म्हणण्यासाठी काठी उचलून धरली.

टक.

काठी तिच्या हातात, हवेतच होती. आवाज खालून आला होता, दगडावर दगड आपटल्यासारखा. तिघंही दुसऱ्याची वाट बघत राहिले. दुसरा आलाच नाही. एकदाच वाजलं होतं. मास्तर दोनदा वाजवायचे ते बाहेर येणाऱ्यासाठी. एकदा वाजवायचे ते...

“कोण?” तेजस कुजबुजला. “कोण गेलं... आत्ता... आत?”

ऊन पायऱ्यांवरून निघून गेलं. पाणी काळं दिसायला लागलं. पुष्करने तिघांची नावं हळूच पुटपुटून पाहिली, एकदा, मग पुन्हा एकदा. बऱ्याच वेळाने मालनबाई कुलूप घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

“काय गं पोरी, किती येळ? झाले का समदे?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि कोणालाच हो म्हणता येईना.